सावकारीचा परवाना

महाराष्ट्रांतील कर्जव्यवहाराविषयीं आजवर जें लिखाण झालें आहे, त्यांत व्याजाच्या दराचा विचार जितका झाला तितका कागदाचा झालेला नाहीं. सावकार शेंकडा किती घेई हें बहुतेकांनीं सांगितलें. परंतु तो कोणत्या प्रकारचा कागद लिहून घेई, सरकारनें त्या कागदास कोणत्या अटी घातल्या, आणि अट पडतांच तो कागद कसा पालटला, याकडे लक्ष थोडें गेलें. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं सावकारास परवाना घेण्याची सक्ती झाली, ती एकाएकीं झालेली नाहीं. तिच्या मागें सव्वाशें वर्षांची खटपट आहे. आमचें म्हणणें असें कीं, या खटपटींत सरकारनें हात घातला तो दर खेपेस कागदावर. मृगापूर्वीं बीं-बैलांसाठीं, सुगीपर्यंतच्या चार महिन्यांकरितां कुणब्यास जी रोकड लागे, ती सावकारानें न दिल्यास कोणी द्यावी, हा प्रश्न दर खेपेस मागें राहिला. ही हकीकत येथें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

व्याजास मर्यादा घालण्याची कल्पना इंग्रजांबरोबर आली असें नव्हे. कौटिल्यानें दरमहा शेंकडा सव्वा पण ही धर्म्य वृद्धि सांगून व्यापाऱ्यांस पांच, अरण्यांतून जाणाऱ्यांस दहा व समुद्रावर जाणाऱ्यांस वीस पणांपर्यंत मोकळीक ठेविली. म्हणजे जेथें धोका अधिक तेथें दर अधिक, हें तत्त्व त्यास मान्य होतें. मनूनें दराखेरीज दुसरी मर्यादा घातली: एकदां दिलेल्या पैशाचें येणें व्याजासुद्धां मुदलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये. हीच पुढें दामदुपट या नांवानें देशांत रूढ झाली. धान्याच्या कर्जास हा नियम सैल होता. आणि पेरणीच्या वेळीं धान्य नेऊन सुगीस सवाईनें किंवा दिढीनें परत करण्याची चाल आमच्या खेड्यांतून दीर्घकाळ चालत आली.

पेशवाईंत कर्जाची वसुली कशी होत असे याविषयीं एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ च्या आपल्या रिपोर्टांत जें लिहून ठेविलें आहे तें मननीय आहे. सावकाराचें मुख्य साधन म्हणजे तगादा. साध्या मागणीपासून आरंभ होऊन दारांत माणूस बसविणें, ऋणकोस जेवूं न देणें, उन्हांत डोक्यावर धोंडा देऊन एका पायावर उभें करणें येथवर त्याच्या पायऱ्या होत्या. तेव्हां त्या काळीं सर्व आलबेल होतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. तगादा करणारा व सोसणारा एकाच गांवच्या पांढरींत राहणारे; दोघांचा तंटा विकोपास गेला तर तो पंचायतीपुढें जाई, आणि पंचायतीस कागदाइतकीच माणसाच्या ऐपतीची माहिती असे. कुळास जमिनीवरून उठवून स्वतः नांगर धरणें हें सावकाराच्या सोयीचें नव्हतें. कागद होता, परंतु तो एकटा कांहीं करूं शकत नव्हता. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडलीं, ही परंपरेनें आलेली कथा सर्वश्रुत आहे. कागद गेला म्हणजे ऋण गेलें ही समजूत लोकांच्या मनांत किती जुनी आहे एवढें तीवरून दिसतें; या समजुतीचा उपयोग पुढें होणार आहे.

इंग्रजी अंमलांत १८२७ सालच्या पांचव्या रेग्युलेशनानें व्याजाची कमाल मर्यादा दरसाल शेंकडा बारा अशी ठरविली. पुढें विलायतेंत व्याजबंदीचे जुने कायदे १८५४ सालीं रद्द झाले, आणि लागलीच १८५५ च्या अठ्ठाविसाव्या ॲक्टानें हिंदुस्थानांतही ते उठले. पैसा हाही एक माल आहे, त्याचा भाव बाजारानें ठरवावा, असा त्या वेळच्या अर्थशास्त्र्यांचा सिद्धांत होता. लंडनच्या पेढीस तो लागू पडत असेल. ज्या गांवांत पैसे देणारा एकच वाणी, तेथें बाजार म्हणजे तो वाणीच. दामदुपटीचा नियम मात्र मुंबई हायकोर्टानें हिंदु ऋणकोंपुरता कायम मानला, आणि वरवर पाहतां एवढें संरक्षण पुरेसें होतें.

तें पुरेसें कां ठरलें नाहीं याचें कारण १८५९ चा मुदतीचा कायदा. ऋणकोवर जुनाट दावे येऊं नयेत या सद्धेतूनें साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणण्यांत आली. परिणाम नेमका उलट झाला. मुदत संपत आली कीं सावकार कुळास बोलावून जुन्या खताऐवजीं नवें खत करून घेई, आणि मागील व्याज त्यांत मुद्दल म्हणून चढे. याचा हिशेब आम्हीं करून पाहिला. दरमहा शेंकडा दोन रुपये या त्या वेळीं भारी न समजल्या जाणाऱ्या दरानें शंभर रुपये घेतले आणि कुळानें मध्यें कांहींच दिलें नाहीं असें धरलें, तर तीन वर्षांनीं खत होतें १७२ रुपयांचें, सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें, आणि नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ चें. एकच खत कायम राहिलें असतें तर दामदुपटीनें येणें दोनशेंवर थांबलें असतें. परंतु नव्या करारानें मुदलांत घातलेलें व्याज हें मुद्दलच, असें कोर्टें धरीत. तेव्हां दामदुपट दर तीन वर्षांनीं नव्यानें मोजावयाची. शास्त्रकारांनीं बांधलेला बांध सरकारनें फोडला नाहीं. त्याच्या शेजारून पाट काढून दिला. शिवाय स्टँपाचा खर्च, लिहिणावळ आणि हातीं रक्कम पडतांना कापली जाणारी मनोती हीं सर्व कुळाच्याच माथीं.

या खतांवर पुढें डिक्र्या होऊं लागल्या. डिक्री देणारें कोर्ट गांवापासून लांब, भाषा अपरिचित, आणि कुणबी बहुधा हजरच राहत नसल्यामुळें निकाल एकतर्फी. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाचा भाव चढला होता व सावकाराची थैली मोकळी सुटली होती. ती तेजी ओसरली, धान्याचे भाव उतरले, फेरपाहणीनें कित्येक तालुक्यांचा सारा वाढला, आणि सावकारानें हात आंखडला. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं एका मारवाडी सावकारानें तेथील देशमुखांवर डिक्री बजावून त्यांचें घर पाडलें. त्यावर गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी वाहीना, हजामत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं दंगा झाला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला.

या दंग्याचें जें लक्षण कमिशनानेंही नमूद केलें, तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. लोकांचा रोंख खतांवर होता. जेथें सावकारानें खतें काढून दिलीं तेथें त्याच्या जिवास सहसा धक्का लागला नाहीं. जेथें तो अडून बसला तेथें मारहाण झाली. खतें गोळा करून चवाठ्यावर जाळण्यांत आलीं. कित्येक लेखकांनीं यांत अडाणी लोकांचा भाबडेपणा पाहिला आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या राज्यांत कोर्ट खताखेरीज दुसरें कांहीं पाहत नाहीं, त्या राज्यांत खत जाळणारानें कायद्याचें मर्म बरोबर ओळखलें होतें असेंच म्हटलें पाहिजे.

याचा परिणाम म्हणून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा सतरावा ॲक्ट पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्याची योग्यता पुढील सर्व कायद्यांहून अधिक आहे असें आमचें मत आहे, म्हणून त्याचा विस्तार थोडा अधिक करितों. कोर्टानें खतावर न थांबतां व्यवहाराचा मूळारंभापासून तपास करावा. मुद्दल व व्याज यांचीं खातीं निराळीं मांडावीं. व्याजावर व्याज धरूं नये. कर्जापायीं कैद बंद झाली. खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलें गेलें पाहिजे. आणि कुळानें मागितल्यास सावकारानें पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक दिलें पाहिजे. दुसऱ्याची वही पाहण्याचा हक्क कुणब्यास कायद्यानें मिळाला तो येथें. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम केलें आणि गांवोगांवचीं कोर्टें तपासलीं. कागदांतून माणूस ओळखण्याचा असा प्रसंग आमच्या इतिहासांत थोड्याच विद्वानांस आला असेल.

परंतु पासबुक मागावयाचें कोणी? ज्यास पुढील ज्येष्ठांत पुन्हां त्याच ओट्यावर जाऊन बसावयाचें आहे, तो वही उघडा म्हणण्यास धजत नाहीं. आणि सावकार तर कोर्टाच्या एक पाऊल पुढेंच असतो. खताची व गहाणाची चौकशी होऊं लागली तेव्हां त्यानें गहाणखत सोडून खरेदीखत धरलें. रुपये कर्जाऊ द्यावयाचे, कागद मात्र जमीन कायम विकल्याचा करावयाचा, आणि पैसे फिटल्यास जमीन परत देऊं हें तोंडीं सांगावयाचें. पुराव्याच्या कायद्याप्रमाणें लेखी कागदाविरुद्ध तोंडी गोष्ट ऐकतां येत नसे. ही वाट बंद करण्यासाठीं १९०७ सालीं दहावें अ हें कलम घालून, दिसण्यांत खरेदी असली तरी ती वस्तुतः गहाण होती कीं काय हें पाहण्याची मुभा कोर्टास दिली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत जमिनी जावयाच्या त्या जाऊन चुकल्या. व्याजाखालीं दबलेला कुणबी निदान खातेदार तरी होता. खरेदीखतानें तो तेवढाही उरला नाहीं.

सावकारावांचून कर्ज मिळण्याची दुसरी वाट काढावी, ही सूचना याच सुमारास पुढें आली होती. वेडरबर्न साहेबांनीं पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना आंखली. रानडे प्रभृति पुण्याच्या मंडळींचा तीस पाठिंबा होता, हिंदुस्थान सरकारही अनुकूल झालें. परंतु विलायतेस भारतमंत्र्यांनीं ती नामंजूर केली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईची व्यवस्था झाली व १९०४ पासून सहकारी पतपेढ्या निघाल्या, यांचा इतिहास स्वतंत्र आहे. पुरंदरचा प्रयोग त्या वेळीं झाला असता तर काय घडलें असतें, याचा तर्क करण्याचा मोह आम्ही टाळतों. संधि मात्र गेली.

इकडे मुंबई शहरांत निराळ्याच प्रकारचें अल्पमुदतीचें कर्ज वाढलें. गिरणींतील मजुरास महिन्याच्या शेवटीं चार-दोन रुपये लागत आणि तो ते पठाणाकडून किंवा मुकादमाकडून घेई. १९३१ च्या व्हिटले कमिशनानें दरमहा रुपयास एक आणा हा नेहमीच्या पाहण्यांतील दर म्हणून नोंदविला आहे. ऐकण्यास आणा लहान. वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेंकडा पंचाहत्तर. येथें खतही नसे. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या दरवाजाशीं काठी घेऊन उभें राहणें हेंच खत. एल्फिन्स्टननें वर्णिलेला तगादा शंभर वर्षांनीं परळ-लालबागेंत असा पुन्हां दृष्टीस पडतो. गिरणीच्या आवारापाशीं अशा रीतीनें घेराव घालणें हा पोलिसांनीं दखल घेण्याजोगा गुन्हा ठरवावा अशी कमिशनानें शिफारस केली.

आतां परवान्याकडे वळूं. विलायतेंत १९०० सालीं सावकारांची नोंदणी व १९२७ सालीं परवाना सुरू झाला होता. मध्यप्रांतानें १९३४ सालीं सावकारांवर हिशेबाची सक्ती केली. पंजाबनें १९३८ व बंगालनें १९४० सालीं नोंदणी व परवान्याचे कायदे केले. मुंबईंत खेर मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत १९४६ चा मुंबई सावकारी कायदा झाला, व तो १९४७ चा एकतिसावा ॲक्ट म्हणून प्रसिद्ध आहे. सहकारी चळवळींत ज्यांचें आयुष्य गेलें ते वैकुंठभाई मेहता त्या वेळीं अर्थ व सहकार खात्याचे मंत्री होते. परवान्यावांचून व परवान्यांत लिहिलेल्या क्षेत्राबाहेर सावकारी करूं नये. कर्ज देतेवेळीं परवाना नसेल तर कोर्टानें डिक्री देऊं नये. रोजकीर्द व खतावणी ठेवावी. दरसाल कुळास हिशेबाचा उतारा द्यावा. मुदलाहून अधिक व्याजाची डिक्री होऊं नये. कुळाच्या घराशीं वा कामाच्या जागीं जाऊन त्यास त्रास देणें हा गुन्हा समजावा. वाचकांच्या लक्षांत येईलच कीं, यांत मनूची दामदुपट आहे, १८७९ ची वही आहे, आणि तगाद्यावरील बंदीही आहे. नवी गोष्ट एकच. पूर्वीं संरक्षणासाठीं कुळास कोर्टांत जावें लागे. आतां सावकारासच कचेरींत यावें लागलें. हा फरक लहान नव्हे, व तो करणारांस त्याचें श्रेय दिलें पाहिजे.

परंतु परवान्यानें सावकार मोजतां आला. कर्ज वाढलें नाहीं. कायद्यास चार वर्षें झालीं असतां रिझर्व्ह बँकेनें १९५१-५२ सालीं सर्व हिंदुस्थानच्या ग्रामीण पतीची पाहणी केली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील व धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे एक सभासद होते, तिनें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे असे: शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जांत धंदेवाईक सावकारांचा वांटा शेंकडा ४४·८, शेतकरी-सावकारांचा २४·९, सरकारचा ३·३, सहकारी संस्थांचा ३·१ आणि व्यापारी बँकांचा ०·९. हे आंकडे सबंध देशाचे आहेत, एकट्या मुंबई राज्याचे नव्हेत, हें खरें. तरीही सावकारास नियमांत बसविणाऱ्या सरकारजवळ त्याच्या ऐवजीं उभें करण्यास किती बळ होतें, हें त्यांवरून कळतें. परवाना न घेणारास डिक्री मिळणार नाहीं या धमकीचा उपयोग, जो डिक्रीवर अवलंबून असतो त्याच्यावर. जो सोनें तारण घेतो, कोरा स्टँप सही करून घेतो, किंवा खरेदीखत करून घेतो, त्यास कोर्टाची गरज कुळासच असते.

महाराष्ट्र राज्यानें १९७५ सालीं लहान शेतकरी, शेतमजूर, ग्रामीण कारागीर व कामगार यांचीं कर्जें कायद्यानें बुडवून तारण ठेविलेल्या जिनसा परत देण्याचा हुकूम केला. त्याविरुद्ध सावकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि फत्तेचंद हिम्मतलाल यांच्या दाव्यांत १९७७ सालीं तो कायदा वैध ठरला. सुप्यास जें जाळून केलें तें मुंबईस ठराव करून झालें असें कोणी म्हणेल. दोहोंनंतरच्या पेरणीस पैसे कोठून आले हें मात्र दोन्हींकडे विचारण्याजोगें आहे.

१९४६ च्या कायद्याची जागा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानें घेतली. त्यांत विनापरवाना सावकारीस पांच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच सालीं सरकारनें जे दर ठरविले ते शेतकऱ्यांस तारणावर ९ व विनातारण १२ टक्के, इतरांस १५ व १८ टक्के असे होते. या अधिनियमाचें आमच्या मतें खरें महत्त्वाचें कलम अठरावें आहे: कर्जापोटीं सावकाराकडे गेलेल्या स्थावराचें खरेदीखत, तें पंधरा वर्षांच्या आंतील असल्यास, निबंधकानें रद्द करून जमीन मूळ मालकास परत द्यावी. म्हणजे १८७९ नंतर जन्मास आलेलें तें खोटें खरेदीखत सव्वाशें वर्षांनंतरही जिवंत होतें, याची कबुली खुद्द कायद्यानें दिली. पुढील वर्षीं विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्यांचें परवानाधारक सावकारांकडील कर्ज सरकारनें फेडण्याची योजना निघाली, तेव्हां दुसरेंच सत्य उघडकीस आलें. परवाना एका क्षेत्राचा आणि कुळें शेजारच्या तालुक्यांतील, म्हणून अशीं कर्जें योजनेंत बसेनात. पुढें ती अट सैल करावी लागली. परवान्याची सीमा कागदावर होती. कुणबी आपला आठवड्याचा बाजार जेथें भरे तेथें जात होता.

तें कर्ज आतां बाजारापर्यंतही जाऊं देत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या एका समितीस २०२१ च्या आरंभीं जीं सुमारें अकराशें कर्ज देणारीं मोबाईल अ‍ॅपें आढळलीं, त्यांतील सुमारें सहाशें बेकायदा होतीं. केरळ व गुजरात येथील सावकारी कायद्यांविषयीं निकाल देतांना सुप्रीम कोर्टानें २०२२ च्या मे महिन्यांत ठरविलें कीं, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांस राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहींत. त्यामुळें परवान्याची कचेरी एका हातीं व अशा संस्था दुसऱ्या हातीं अशी वांटणी झाली. तगाद्यानें येथेंही रूप पालटलें: कर्जदाराच्या फोनमधील नांवें काढून त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांस बोलणीं लावावयाचीं. त्याच सालच्या सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें काढलेल्या नियमांनीं अ‍ॅपांस ही नांवांची यादी पाहण्याची मनाई केली, आणि एकंदर खर्च वार्षिक दरानें दाखविणारा तक्ता देण्याची सक्ती केली. १८७९ चें पासबुक कुणब्यानें मागितलें तर मिळावयाचें होतें. हा तक्ता करार होण्यापूर्वीं, न मागतां द्यावा लागतो.